काउंट नॉर्मल आले म्हणून इमॅटिनिब थांबवू नका

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिब सुरू झालं की काही आठवड्यांत पांढऱ्या पेशींचा लाखावर गेलेला आकडा खाली येतो, वाढलेली प्लीहा आत जाते, जेवण जायला लागतं. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. आणि नेमकी याच वेळी एखादी गोळी चुकायला लागते, मग आठवडा चुकतो.

असं करू नका, अगदी कळकळीने सांगतो. निदानाच्या वेळी शरीरात आजारी पेशी लाख कोटींच्या घरात असतात. त्यांतल्या हजारातली एक उरली तरी त्या अब्जावधी होतात, आणि साध्या सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीला, त्या दिसतही नाहीत.

या आजारात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं आणि त्याचं प्रथिन पेशीला सतत 'वाढ, वाढ' असा हुकूम देत राहतं. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि हुकूम थांबतो. पण मुळाशी दडलेल्या पेशी बऱ्याचदा जिवंत राहतात. गोळी बंद केली की खाच मोकळी होते.

जुनाट टप्प्यातल्या प्रौढ रुग्णाचा नेहमीचा डोस 400 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणासोबत आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि लोक गोळीलाच दोष देतात. गिळता येत नसेल तर 400 ची गोळी सुमारे 200 मिली पाण्यात विरघळवून लगेच प्यावी. चुकलेला डोस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत. डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे, जुलाब हे त्रास होतात. ते डॉक्टरांना सांगा, स्वतःच डोस अर्धा करू नका. गरोदरपणात हे औषध चालत नाही, त्यामुळे मूल हवं असेल तर आधीच बोला.

आपल्याकडे फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे टीबी. रिफाम्पिसिन सुरू झालं की यकृत इमॅटिनिब इतक्या वेगाने संपवतं की रक्तातलं प्रमाण जवळजवळ पाऊण भागाने घटतं. रुग्ण रोज गोळी घेतोय आणि तरी आजार वाढतोय, असं त्यातून घडू शकतं. फिट्सच्या फेनिटॉइननेही प्रमाण घटतं. ग्रेपफ्रूटने उलट वाढतं. टीबीच्या डॉक्टरांना इमॅटिनिबची चिठ्ठी दाखवायलाच हवी.

खरी परीक्षा दर तीन महिन्यांच्या बीसीआर-एबीएल पीसीआरची, म्हणजे रक्तात ते जोडजनुक किती उरलंय हे मोजणाऱ्या तपासणीची. तीन महिन्यांना 10 टक्के किंवा कमी, सहा महिन्यांना 1 टक्का, वर्षाला 0.1 टक्का, हे ढोबळ टप्पे. रिपोर्टवर 'इंटरनॅशनल स्केल' (सगळ्या प्रयोगशाळांसाठीचं समान मोजमाप) लिहिलंय का ते बघा, आणि शक्यतो दरवेळी एकाच प्रयोगशाळेत तपासा, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. नमुना पोचायला उशीर झाला तर त्यातला आरएनए खराब होतो. आकडा चढला तर आधी विचारायचं, गोळ्या चुकल्या का? चुकल्या नसतील तर म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, तपासणी. टी315आय हा बदल असेल तर इमॅटिनिब त्या खाचेत बसूच शकत नाही. डासाटिनिब, निलोटिनिबही निरुपयोगी, तिथे पोनाटिनिब किंवा असिमिनिब ही वेगळी औषधं लागतात.

ही गोळी आपल्याला परवडते, त्यामागे मोठी लढाई आहे. ग्लिव्हेकचा, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचा, महिन्याचा खर्च सुमारे 1,20,000 रुपये होता तेव्हा जेनेरिक 8 ते 10 हजारांत मिळत होतं. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि 1 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम 3(डी)च्या आधारे ते पेटंट नाकारलं. माझ्या मते टार्गेटेड थेरपीचं, म्हणजे नेमक्या बिघाडावर नेम धरणाऱ्या उपचारांचं, आश्वासन त्या दिवशी आपल्यासाठी खरं ठरलं.

मात्र सीएमएलवरून सगळ्या कर्करोगांचा अंदाज बांधू नका. तिथे बहुतेकदा एकच बिघाड असतो. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या प्रथिनाला रोखणारी गोळी सुरुवातीला सुंदर काम करते, पण बहुतेकांत काही काळाने गाठ गोळीला चुकवायची वाट शोधते. आणि म्युटेशन न तपासता दिलेली गोळी म्हणजे निव्वळ वेळ दवडणं.

गोळी कधीच बंद होत नाही का? होते, पण ठरवून. किमान तीन वर्षं उपचार, त्यात दोन वर्षं सलग पीसीआरचा आकडा 0.01 टक्के किंवा त्याहून कमी, आणि बंद केल्यावर पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर. साधारण निम्म्या लोकांत आजार परत डोकावतो, तोही बहुधा याच सहा महिन्यांत. तेव्हा लगेच गोळी सुरू केली तर जवळजवळ सगळ्यांचा आकडा पुन्हा खाली येतो.