हद्दपार राजपुत्राची पुण्यतिथी कशी उरकावी

चिमासाहेब महाराज म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे भाऊ, सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी कराचीला नेलेले. त्यांची पुण्यतिथी १५ मेला येते, म्हणजे भर उन्हाळ्यात. पत्रिकेवर वेळ सकाळी दहाची छापावी आणि पाहुण्यांना साडेअकराला आणावं. तोवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या तापून कुणी बसेना झालं, की गर्दी उभी राहून दिसते.

पहिलं काम फ्लेक्सचं. दहा बाय पंधराचा घ्यावा. वर नेते, उजवीकडे दादा, डावीकडे दादांचे दादा, खाली शुभेच्छुकांची बावीस तोंडं. कोपऱ्यात जागा उरली तर महाराज. त्यांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चालतो. दोन इंचाचा फोटो दोन फुटांवर ताणला की चेहऱ्याचे चौकोन पडतात, मग फेट्याखाली नक्की कोण आहे हे विचारायची सोयच राहत नाही.

नारळ दोन आणा. पहिला नासका निघतोच.

कर्णा माईकच्या पाठीमागं ठेवावा. शिट्टी मारतो, पण निदान झोपलेले उठतात.

आता भाषण. अभ्यास करू नये, वेळ जातो. सत्तावन्न म्हटलं की मेरठ आणि झाशी एवढं पुरे. ३१ जुलै १८५७ ला इथंच, कोल्हापुरात, इंग्रजांची २७ वी पलटण उठली, रामजी शिरसाट पुढं होता, खजिना लुटला, मग ६ डिसेंबरला फिरंगोजी शिंद्यांनी शहराचे दरवाजे लावून घेतले आणि इंग्रज अधिकारी जेकबनं ते फोडले, असलं काही सांगत बसलात तर पाहुण्यांचा तांबडा-पांढरा गार होईल. त्यापेक्षा आवाज चढवून म्हणावं, ‘महाराजांनी अंदमानात कोलू ओढला!’ टाळ्या हमखास. यंदाच्या पुण्यतिथीला पडल्याच की.

अहो, कुठला कोलू? सेल्युलर जेलचं बांधकाम निघालं १८९६ ला, पुरं झालं १९०६ ला. महाराज कराचीत वारले १८६९ ला. पाया खणायच्या आधी सत्तावीस वर्षं! कोलूवाल्या भाषणामागून उठलेले वक्ते तर म्हणाले, ‘इंग्रजांनी त्यांना पाकिस्तानात डांबलं.’ कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सिंध १८४७ ला इलाख्याला जोडला, १९३६ ला तोडला. मुंबईचाच कारभार चालायचा तिथं. आणि खुबी त्यातच होती. राजघराण्यातला माणूस फासावर दिला तर त्याचा हुतात्मा होतो, गावात ठेवला तर वाड्यापुढं माणसं जमतात. म्हणून न्यायचा अशा ठिकाणी, जिथं त्याची भाषा कुणाला येत नाही आणि त्याला मुजरा करणारं कुणी नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ ला काशीला नेलं ते याचसाठी. चिमासाहेबांना १८५८ ला नेलं. थोरले भाऊ बाबासाहेब गादीवर राहिले, त्यांनी इंग्रजांशी जमवून घेतलं होतं. धाकट्याचं पुढचं सगळं आयुष्य कराचीत सरलं, अकरा वर्षं. यात कोलू नाही, बेडी नाही, म्हणून टाळी मिळत नाही. टाळीसाठी दुसऱ्याच्या यातना चिकटवायच्या का त्यांना?

आणि नगरच्या किल्ल्यात वारले ते कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज, १८८३ ला. ते निराळे. आभार मानताना त्यांनाही यातच गुंडाळलंत.

शेवटी फोटो. प्रतिमेला हार एकानं घालावा, हात चौदा जणांनी लावावा.

बास झालं. त्या चौकाला महाराजांचं नाव आहे. कराचीतून ते परत आले नाहीत, आलं ते एवढं नाव. आणि तुम्ही फ्लेक्स बांधलात तो नेमका नावाच्या पाटीवर. लाज वाटत नाही? महिना झाला, पाऊस लागला, दादांचं तोंड फाटून लोंबतंय, बाइंडिंग वायर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर आलीय. पकड घेऊन जावा, तार कापा, आणि तुंबायच्या आधी गटारीतले तुकडे स्वतःच्या हातानं उचला.