पीएच.डी.च्या नोंदणीआधी फेलोशिपचं बघा

सोलापुरात गणित किंवा संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालं की पुढचा रस्ता जणू ठरलेला असतो. एखाद्या कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) तास घ्यायचे, पेट म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा द्यायची, गाईड मिळाले की नोंदणी उरकायची आणि पैशाचं नंतर बघायचं. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा आहे. २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ वर्षं लागतात आणि कमाल मुदत साधारण ६ वर्षांची असते. एवढा काळ तासिकांच्या मानधनावर काढला की संशोधन रविवारपुरतं उरतं. हुशार पोरं इथेच अडकतात, याचं फार वाईट वाटतं.

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर पहिली २ वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडं वेगळं, तेही शहराच्या वर्गानुसार. सोलापूर वाय वर्गात येतं, पुणे-मुंबई एक्समध्ये, म्हणजे जास्त भाड्याच्या वर्गात.

नेटचा गणितीय विज्ञानाचा पेपर २०० गुणांचा, वेळ ३ तास. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. भाग ब मध्ये ४० पैकी २५, प्रत्येकी ३ गुण. या दोन्ही भागांत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण कापतात. खरा निकाल भाग क ठरवतो: ६० पैकी २० प्रश्न, प्रत्येकी ४.७५ गुण. इथे गुण कापत नाहीत, पण एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि बरोबर असलेले सगळे पर्याय ओळखले तरच गुण. चारपैकी तीन पर्यायांची खात्री आहे आणि चौथ्याबद्दल शंका आहे, अशी अर्धवट तयारी इथे शून्यावर येते. म्हणून प्रमेय पाठ असणं पुरत नाही. त्यातली एकेक अट काढून टाकली की ते कुठे मोडतं, त्याची उदाहरणं स्वतः लिहून ठेवा.

अभ्यासक्रमाची चार युनिट आहेत. संख्याशास्त्राच्या मुलांची ठरलेली चूक म्हणजे संख्याशास्त्राचं युनिट ४ आपलं, बाकीचं गणितवाल्यांचं, असं समजणं. युनिट १ मधलं रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा सगळ्यांसाठी आहे. ते सोडलं तर भाग ब मधले २५ प्रश्न भरताना दमछाक होते. शिवाय मल्टिव्हेरिएट आणि रिग्रेशन म्हणजे तरी दुसरं काय? मॅट्रिक्सच! उपयोजित गणितवाल्यांनी युनिट ३ मधली ओडीई, पीडीई (विकलक समीकरणं) आणि न्यूमरिकल ॲनालिसिस हातची जाऊ देऊ नये.

नुसत्या नेटवर विसंबू नका. गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्राचे वेगळे पेपर आहेत, स्कोअर ३ वर्षं चालतो आणि आयआयटीत असिस्टंटशिपसह (दरमहा विद्यावेतनासह) प्रवेशाला उपयोगी पडतो. आयएसआयची (भारतीय सांख्यिकी संस्था) स्वतःची परीक्षा आहे. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हिचं बंगळूरचं केंद्र तर खास उपयोजित गणितासाठीच आहे. विद्यापीठात पहिला क्रमांक आला असेल तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या (डीएसटी) इन्स्पायर फेलोशिपची जाहिरात पाहा.

राज्याच्या योजनांचा क्रम मात्र वेगळा आहे. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी) आणि महाज्योती (ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी) यांच्या फेलोशिपसाठी आधी पीएच.डी.ची नोंदणी लागते. इथे अर्ज बाद होतात ते कागदांवरून. नोंदणीपत्रावरची तारीख जाहिरातीच्या मुदतीत बसत नाही, नॉन-क्रीमिलेअर संपलेलं असतं, किंवा नोंदणी अर्धवेळ निघते. पूर्णवेळ फेलोशिप आणि पगाराची नोकरी एकत्र चालत नाही, हे सही करण्याआधी समजून घ्या. पैसे काही महिने उशिरा येऊ शकतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या खर्चाची सोय आधीच करून ठेवलेली बरी.

विषय निवडताना आपल्या जिल्ह्याकडे डोळे उघडून पाहा. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा प्रसार आणि हवामान यांचं मॉडेल हे अस्सल उपयोजित काम आहे. २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर भागात क्लाउड सीडिंगचा, म्हणजे कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. कोणत्या ढगात फवारायचं हे रँडम ठरवायचं आणि न फवारलेल्या ढगांशी तुलना करायची, म्हणजे आपण वर्गात शिकतो तेच डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स. उजनी धरणात पाणी येणं-सोडणं ही टाइम सिरीज (काळानुसार नोंदलेली आकडेवारी) आहे. विषय घेण्याआधी एकच खात्री करा: डेटा खरोखर हातात मिळणार आहे का? ‘मिळेल’ या तोंडी शब्दावर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिला की दुसऱ्या वर्षी विषय बदलायची वेळ येते.

परदेशाचं थोडक्यात. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएच.डी.ची जागा बहुधा पगारी नोकरीसारखी असते. जाहिरात निघते आणि तुम्ही त्या विशिष्ट विषयासाठी अर्ज करता. अमेरिकेत बऱ्याच विभागांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते. शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी तीन लागतात आणि आपली मुलं तिथेच मागे पडतात. ‘मुलगी प्रामाणिक व कष्टाळू आहे’ एवढ्याने काही होत नाही. सरांना पत्र मागताना सोबत एक पान द्या: प्रोजेक्टचा प्रश्न काय होता, कोणती पद्धत वापरली, आर (R) या संगणक भाषेत कोणता कोड स्वतः लिहिला, काय अडलं आणि ते कसं सोडवलं. मुदतीच्या किमान महिनाभर आधी द्या, आणि पत्र सरांच्या कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरूनच जाईल एवढं बघा.