एकट्या ‘वेअर’वर किती राग काढायचा?

मराठी भाषा दिन जवळ आला की एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. इंग्रजीत अंगावर काहीही चढवा, शब्द एकच: ‘वेअर’. मराठीत मात्र साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, कुंकू लावतात, बांगड्या भरतात. सबब इंग्रजी दरिद्री आणि मराठी जगात एकमेव. वर हळहळही असते, की हल्लीची पोरं इंग्रजीच्या नादाने ‘साडी घातली’ म्हणतात आणि ही दौलत उधळतात. शेवटी जोडलेले हात, आणि ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोचवा’.

यंदा तो माझ्यापर्यंत चार ग्रुपांतून पोचला. त्यातला एक ग्रुप अनुवाद करणाऱ्यांचा आहे, म्हणून हा खटाटोप. यादीतली क्रियापदं खरी आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. त्यांच्या जोरावर केलेले दावे मात्र एकेक करून बघू.

‘इंग्रजीत शब्द एकच.’ इथेच पहिली गफलत आहे. दारात वाकून बूट चढवणारा माणूस आणि ते बूट पायात ठेवून दिवसभर ऑफिसात बसलेला माणूस, यांच्यासाठी इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं लागतात. पहिल्याचं चाललंय ते ‘पुट ऑन’, दुसऱ्याचं ‘वेअर’. एक कृती, दुसरी स्थिती. आपण हे काम ‘घालतोय’ आणि ‘घातलेत’ एवढ्या फरकावर भागवतो.

आता मेसेजची यादी पुन्हा वाचा. नेसणं, बांधणं, माळणं, भरणं, सगळ्या कृती. म्हणजे आपल्या कृतींच्या समोर त्यांची स्थिती उभी केली आणि सामना जिंकला! कृतीला कृती लावायची तर इंग्रजीतही साडी ‘ड्रेप’ करतात, शाल ‘रॅप’ करतात, पट्टा ‘बकल’ करतात, बुटाच्या नाड्या ‘लेस’ करतात, गळ्यातला टाय तर ‘टाय’च करतात. ‘डू ऑन’ आणि ‘डू ऑफ’ आवळून झालेले ‘डॉन’ आणि ‘डॉफ’ आहेतच. मिरवायला म्हणून काही घातलं असेल तर ‘स्पोर्ट’ आहे.

मागच्या महिन्यात एका लग्नात होतो. हॉलच्या कोपऱ्यात फेटेवाला बसला होता आणि त्याच्यासमोर वरपक्षाची रांग. तो एक टोक गच्च धरायला सांगायचा, भराभर वेढे द्यायचा, तुरा उभा करायचा, शेमला पाठीवर सोडायचा आणि ‘पुढचा’ म्हणायचा. फेटा बांधत होता तो. आम्ही बांधून घेत होतो, आणि नंतर चार तास घालून हिंडलो, कानशिलं ठणकेपर्यंत. त्या चार तासांचं इंग्रजी ‘वेअर’, मराठी ‘घालणं’. बांगड्यांचंही तसंच. भरतो कासार, ज्या हातात त्या असतात ती बाई रोज बांगड्या घालते. पुणेरी पगडी तर बांधून तयारच मिळते. बांधायची ती पगडबंदाने, आपण फक्त डोक्यावर ठेवायची.

‘त्या एका शब्दात काही दम नाही.’ हे वाचून मात्र मला आमच्या धंद्याची कणव आली. ‘वेअर’ अनुवादात आला की पाच वेळा थांबावं लागतं. माणूस दाढी ‘वेअर’ करतो तेव्हा आपल्याकडे ती राखतो. अत्तर ‘वेअर’ केलं तर लावलेलं असतं. चेहऱ्यावर हसू ‘वेअर’ केलं तर मराठीत ते नुसतं असतं किंवा खेळतं, आणि उसनं असेल तर आणलेलं असतं. पुढे ‘आउट’ लागला की चप्पल झिजते, कापड विरतं, माणूस थकून जातो. ‘ऑफ’ लागला की गुंगी उतरते, नव्याची नवलाई ओसरते. ‘डाउन’ लागला की समोरच्याचा विरोध हळूहळू मोडून निघतो. ‘ऑन’ लागला की दुपार रेंगाळत पुढे सरकते. यंत्राची झीज आणि दुकानातले ‘मेन्सवेअर’ हेही ह्याच घरातले. झिजण्याचा अर्थ आला कुठून, तर वापरण्यातून. कपडा अंगावर रोज चढला की झिजणारच.

शिडाच्या जहाजावर तर आणखी एक ‘वेअर’ आहे. वाऱ्याकडे पाठ करून जहाज वळवायचं, त्याला खलाशी जहाज ‘वेअर’ करणं म्हणतात. त्याचा कपड्यांशी संबंध नाही, तो नुसता सारख्या उच्चाराचा भाऊ.

आणि ह्या शब्दाचं कूळ? मेसेज लिहिणाऱ्याने हे बघितलं असतं तर यादीतलं पहिलंच क्रियापद बदललं असतं. जुन्या इंग्रजीत तो ‘वेरिअन’ होता. त्यातला ‘र’ मुळात ‘स’च्या घरातला. इंग्रजीत एकवचनी ‘वॉज’ अनेकवचनात ‘वेअर’ होतो (हा दुसरा ‘वेअर’, ‘होते’ या अर्थाचा), त्याच बदलाने इथेही ‘स’चा ‘र’ झाला. गॉथिक ह्या इंग्रजीच्या जुन्या नातलग भाषेत तो ‘स’ शाबूत आहे: ‘वस्यान’, म्हणजे कपडे घालणं. लॅटिनमध्ये ‘वेस्टिस’, म्हणजे वस्त्र. त्यातून ‘व्हेस्ट’ आला, आणि पैशाला नवी वस्त्रं, म्हणजे नवं रूप, चढवण्याच्या कल्पनेतून फिरत फिरत आपल्या म्युच्युअल फंडवाल्याचा ‘इन्व्हेस्ट’ही. संस्कृतात हाच धातू ‘वस्’, म्हणजे अंगावर घेणं. वस्त्र, वसन ही त्याचीच. त्या ‘वस्’ला ‘नि’ उपसर्ग लागला, प्राकृतातून शब्द घासत आला आणि मराठीत झाला ‘नेसणे’. ज्या ‘नेसणे’ला ‘वेअर’च्या विरोधात उभं केलंय ते त्याचं दूरचं सख्खं आहे.

‘मराठीत प्रत्येक गोष्टीला वेगळा शब्द.’ इथे मी उलट मेसेज लिहून दाखवतो. समजा, लंडनमधल्या कुणा गृहस्थाने तो पाठवलाय. ‘बघा आमच्या भाषेची श्रीमंती! चहात साखर आपण ‘अ‍ॅड’ करतो, कोंबडी अंडं ‘ले’ करते, बाळाला ‘बेद’ करतो, पोलीस ‘रेड’ करतात, पाहुण्याला ‘फीड’ करतो, शेजाऱ्याशी ‘आर्ग्यू’ करतो, शिव्या ‘हर्ल’ करतो. आणि बिचारे मराठी लोक? साखर घालतात, अंडं घालतात, अंघोळ घालतात, धाड घालतात, जेवू घालतात, वाद घालतात, शिव्या घालतात. शर्टही घालतात! प्रत्येक इंग्रज माणसापर्यंत पोचवा.’

घोळ घालणं, भीक न घालणं, पाठीशी घालणं, खतपाणी घालणं त्याला अजून ठाऊक नाही, नाहीतर मेसेज दोन स्क्रीनचा झाला असता. ‘लावणे’ला तर हात लावायलाच नको. कुंकू, चष्मा, टीव्ही, भाताची रोपं आणि माणूस कामाला, सगळं लावूनच होतं.

त्यातून ‘घालणे’ अंगावरच्या वस्तूंतही सरळ राहत नाही. ‘त्याने माळ घातली’ म्हटल्यावर वारकऱ्यांच्या गावात दागिना कुणाला दिसत नाही. तुळशीची माळ घातली म्हणजे मांस-मद्य सुटलं, वारी आली. आणि ‘त्याने मला टोपी घातली’ म्हणजे डोकं माझं, पैसेही माझेच गेलेले.

‘जगात असं कुठेच नाही.’ जपानीत शर्ट ‘किरु’, पँट आणि बूट ‘हाकु’, टोपी ‘काबुरु’, चष्मा ‘काकेरु’, टाय ‘शिमेरु’, अंगठी ‘हामेरु’. कोरियनमध्येही कपडे, पादत्राणं, टोपी, अंगठी आणि मनगटी घड्याळ यांची क्रियापदं वेगवेगळी आहेत. शेजारच्या हिंदीतही कुर्ता ‘पहनते’, चादर ‘ओढते’, पगडी ‘बाँधते’, बिंदी ‘लगाते’. एवढं पुरे.

‘साडी घातली म्हणणं हा इंग्रजीचा परिणाम.’ मला स्वतःला ‘साडी घातली’ खटकतं, खोटं कशाला बोलू. पण ह्यात ‘वेअर’चा हात मला दिसत नाही; ‘साड़ी पहनी’ असं दिवसभर कानावर आदळतं, त्याकडे आधी बघायला हवं. त्याहून मोठं कारण शिवणयंत्रात आहे. ‘नेसणे’ हे बिनशिवलेल्या कापडाचं क्रियापद. लुगडं, धोतर, पंचा: कमरेभोवती गुंडाळा, निऱ्या घाला, खोचा, काष्टा मारा. कापडाला आकार देतं ते नेसणाऱ्याचं अंग आणि हात. शिवलेलं कापड आकार घेऊनच येतं, त्यात आपण शिरतो. म्हणून परकर-पोलक्यापासून जीन्सपर्यंत सगळं आपण घालतो.

भाचीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी नऊवारी आणायला गेलो होतो. दुकानात हँगरवर ओळीने शिवलेल्या नऊवारी लटकत होत्या. काष्टा आधीच टाचलेला, निऱ्या शिवलेल्या, कमरेला नाडी, बाजूला चेन. माझी आई सोबत होती. पोरीने पडद्यामागून ओरडून सांगितलं, ‘आजी, मी साडी घातली!’ आईने तोंड उघडलं, चेन बघितली आणि गप्प बसली.