सुरी उचलणारा हात

‘हॅलोवीन’ हा 1978 चा अमेरिकी भयपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नुसती घाबरले होते. दुसऱ्यांदा पाहिला तो कामाच्या नजरेने, आणि पहिल्याच सीनला अडकले. स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडतो, विदूषकाच्या पोशाखाची बाही पुढे येते आणि एक हात मोठी सुरी उचलतो. गोष्टीत तो हात सहा वर्षांच्या मायकल मायर्सचा आहे, सिनेमातला खुनी तोच. पण बोटं लांब आहेत आणि नखं नीट राखलेली. तो हात मुलाचा नाहीच, बाईचा आहे.

मी मालिकांच्या सेटवर कंटिन्युइटी बघते. कप कुठल्या हातात होता, मंगळसूत्र पदराच्या आत होतं की बाहेर, टिकली चंद्रकोर की गोल, हे लक्षात ठेवायचे मला पैसे मिळतात. त्यामुळे पडद्यावर हात दिसला की माझी नजर आधी नखांवर जाते. मग शोधत गेले तेव्हा कळलं की छोट्या मायकलचं काम करणारा मुलगा अगदी शेवटच्या घडीला मिळणार होता, म्हणून जिथे जिथे मायकलचे हात दिसतात तिथे सिनेमाच्या निर्मातीनेच आपले हात दिले. तिचं नाव डेब्रा हिल. दिग्दर्शक जॉन कारपेंटरबरोबर या सिनेमाची पटकथाही तिनेच लिहिलेली.

दरवर्षी ऑक्टोबरात हॅलोवीनचा सण आला की मायकलच्या मास्कची गोष्ट सगळीकडे फिरते. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. टॉमी ली वॉलेस हा कारपेंटरचा लहानपणापासूनचा मित्र. या सिनेमाचा कलादिग्दर्शकही तो आणि संकलकांपैकीही एक. हॉलिवूडमधल्या एका दुकानातून त्याने दोन डॉलरांपेक्षाही कमी किमतीत ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी मुखवटा आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली, कल्ले काढले, केस विस्कटले आणि तोंडावर पांढरा स्प्रे मारला. हे सगळं लोकांना पाठ असतं. मोठा झालेला मायकल म्हणून तो मास्क घालून फिरणारा निक कॅसल हा कारपेंटरचा कॉलेजमधला दोस्त आणि त्याला दिवसाला 25 डॉलर मिळायचे, हेही पाठ असतं. डेब्रा हिलचं नाव मात्र त्या गोष्टींत सापडत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. कारण मी जितकं वाचत गेले तितकं माझं मत पक्कं होत गेलं, की या सिनेमात जे टिकलंय त्यातलं अर्धं तरी तिचं आहे.

गावाच्या नावापासूनच बघा. गोष्ट घडते इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावात. खरं हॅडनफील्ड न्यू जर्सीत आहे आणि ते डेब्राचं गाव. मायकलला ज्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलंय त्याचं नाव स्मिथ्स ग्रोव्ह, आणि स्मिथ्स ग्रोव्ह आहे केंटकीत, कारपेंटर लहानाचा मोठा झाला त्या बोलिंग ग्रीनच्या जवळ. म्हणजे दोघांनी आपापल्या गावची नावं आणून एका कागदावर गाव वसवलं. शूटिंग मात्र तिसरीकडेच, कॅलिफोर्नियात साउथ पॅसाडिना आणि हॉलिवूडच्या गल्ल्यांत, 1978 च्या वसंतात, सुमारे वीस दिवसांत.

आता वसंतात हॅलोवीन कसा दाखवायचा? झाडं हिरवीगार आणि गोष्टीत ऑक्टोबरअखेरची पानगळ. युनिटने पानं रंगवून घेतली. शॉट आला की पोती उलटी करायची, पानं रस्त्यावर पसरायची, पंखा लावायचा. शॉट झाला की सगळ्यांनी खाली वाकून तीच पानं पुन्हा पोत्यात भरायची, कारण पुढच्या गल्लीतही तीच लागणार. आमच्याकडे आर्टवाली पोरं एकच तुळशीवृंदावन तीन घरांत फिरवतात, तेव्हा मला हे डोळ्यांसमोर दिसतं. नीट पाहिलं तर मागची झाडं हिरवी दिसतात, इलिनॉयमध्ये कुठून येणार अशी ताडाची झाडं मध्येच डोकावतात आणि गाड्यांच्या नंबरप्लेटही कॅलिफोर्नियाच्याच आहेत. माझ्या कामाच्या हिशेबाने या ढळढळीत चुका आहेत. तरी त्या रस्त्यावर सिनेमाची नायिका लॉरी एकटी चालते तेव्हा माझं लक्ष ताडाकडे जात नाही, ते जातं कोपऱ्यावरच्या कुंपणाकडे.

सुरुवातीचा तो लांबलचक शॉट, ज्यात आपण खुन्याच्या डोळ्यांनी घरात शिरतो, तो शूटिंगच्या अगदी शेवटी घेतला. मायर्सचं घर म्हणून निवडलेली वास्तू खरोखरच पडीक होती, आणि बाकी सिनेमाला तशीच हवी होती. पण पहिला सीन 1963 चा, तेव्हा घर नांदतं दिसायला हवं. मग सगळं युनिट रंगाचे ब्रश घेऊन लागलं, आणि कॅमेरा जिथून जाणार तेवढंच घर सजवलं. छायाचित्रकार डीन कंडीने पॅनाग्लाइड वापरलं, म्हणजे ऑपरेटरच्या अंगावर बांधलेला कॅमेरा, जो तो चालला तरी हिसके खात नाही. शॉट अखंड वाटतो, पण त्यात लपवलेले कट आहेत. मुखवटा डोळ्यांवर येतो आणि पडद्यावर नुसती दोन भोकं उरतात, तिथे एक लपलाय. आणि या सगळ्या कसरतीत कॅमेऱ्याच्या बाजूने पुढे येणारा हात निर्मातीचा. सुमारे सव्वातीन लाख डॉलरांच्या सिनेमाचा हिशेब सांभाळणारी बाई विदूषकाची बाही चढवून तिथे उभी आहे.

मुळात तीही माझ्याच खात्यातून वर आलेली. 1976 च्या कारपेंटरच्या सिनेमात ती स्क्रिप्ट सुपरवायझर होती, म्हणजे आमची कंटिन्युइटी. पुढे मुलाखतीत तिने सांगितलंय की सुरुवातीला ती सेटवर गेली की लोक तिला मेकअप किंवा हेअरची समजायचे, फार तर स्क्रिप्टवाली. लेखिका किंवा निर्माती असेल असं कुणाला वाटायचंच नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. माझ्या पहिल्या मालिकेत पहिल्या दिवशी मी हातात फाइल घेऊन उभी होते आणि एका ज्येष्ठ माणसाने मला विचारलं, “हेअरची ना तू? मग इथे काय करतेस, आत जा.” हेअरचं काम कमी नाही, आमच्या हेअरताई पहाटे पाचला येतात. लागलं ते हे, की त्याला फाइल दिसलीच नाही.

सिनेमात सगळ्यात मोलाचं काय, असं मला कुणी विचारलं तर मी शाळा सुटल्यावर तीन मैत्रिणी घरी चालत येतात तो सीन सांगेन. मुलींचे संवाद मुख्यतः डेब्राचे आहेत. तिने स्वतः शाळकरी वयात लोकांची मुलं सांभाळली होती. मायकलवर उपचार करणाऱ्या डॉक्टर लूमिसची ती ‘हा माणूस नाही, सैतान आहे’ छापाची भाषणं कारपेंटरची. भाषणंही चांगली आहेत, डोनाल्ड प्लेझन्सने पाच दिवस येऊन ती जिवंत केली. पण लॉरी, ॲनी आणि लिंडा ज्या सुरात बोलतात तो सूर भाषणांतून येत नाही. वह्यापुस्तकं, नाच, आज रात्री कुणाकडे मूल सांभाळायचं, मुलग्यांना मी फारच हुशार वाटते ही लॉरीची तक्रार. मध्येच एक गाडी जाते, ॲनी तिच्या वेगावरून मागून ओरडते आणि गाडी करकचून थांबते. तिघी एकदम गप्प होतात. तो गप्पपणा माझ्या ओळखीचा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही मुलीच्या ओळखीचा आहे. रक्ताचा थेंब नाही, संगीताचा दणका नाही, नुसती एक गाडी थांबलीय.

म्हणूनच ‘हे सिनेमे मुलींना शिक्षा करतात, मजा करणाऱ्या मरतात आणि सज्जन तेवढी वाचते’ ही टीका मला या पहिल्या सिनेमाला लागू वाटत नाही. पुढे निघालेल्या नकलांना ती लागू आहे, शंभर टक्के आहे. पण इथे कारपेंटर आणि डेब्रा दोघांनीही सांगितलंय की तसा हेतू नव्हता, आणि मला ते पटतं, कारण मरणाऱ्या मुलींवर लिहिणारीची माया दिसते. लॉरी लढते ती कशाने? विणकामाच्या सुईने आणि कपाटातल्या तारेच्या हँगरने. आणि स्वतः पळण्याआधी, त्या रात्री सांभाळायला घेतलेल्या दोन्ही मुलांना शेजारच्या घरी पाठवते. ज्या बाईने कधी दुसऱ्याचं मूल सांभाळलंय तिलाच हे सुचणार.

लॉरीचं काम करणाऱ्या जेमी ली कर्टिसचा हा पहिलाच सिनेमा होता. सीन उलटसुलट क्रमाने घ्यायचे होते, म्हणून कारपेंटरने तिच्यासाठी भीतीचं एक मोजमाप ठरवलं: या सीनला तू इतकी घाबरलेली, त्याला इतकी. यापेक्षा चांगली कंटिन्युइटी शीट मी पाहिलेली नाही.

संगीताची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, थोडक्यात सांगते. पाच मात्रांचा तो ठेका कारपेंटरला लहानपणी त्याच्या संगीत शिकवणाऱ्या वडिलांनी बोंगोवर दाखवला होता, आणि सगळं पार्श्वसंगीत त्याने तीन दिवसांत केलं.

मग मालिका वाढली. 1978 ते 2022, एकूण तेरा सिनेमे. दुसऱ्या भागात, 1981 साली, मास्क तोच जुना वापरला. मधली काही वर्षं तो डेब्राच्या पलंगाखाली पडून होता, आणि ती सिगारेट ओढायची, त्यामुळे रबर पिवळट झालेलं. त्या सिनेमात मायकल आजारी, शिळा दिसतो तो त्यामुळे. तिसऱ्या भागात कारपेंटर आणि डेब्राने दर वर्षी नवी गोष्ट सांगायचा विचार केला, मायकलला बाजूला ठेवलं आणि प्रेक्षक रुसले. दोघं बाहेर पडले. चौथ्या भागात एका शॉटला मास्कचे केस चक्क पिवळे दिसतात; माझ्यासारखी कुणी तिथे असती तर कॅमेऱ्यासमोर आडवी पडली असती. 1998 च्या भागात वेगवेगळे मास्क वापरले गेले आणि एका शॉटमध्ये तर मास्क कॉम्प्युटरवर काढलेला आहे. पैसा कितीतरी पटींनी जास्त, आणि दोन डॉलरांचा चेहरा काही परत सापडला नाही.

2005 साली, 54 वर्षांची असताना, डेब्रा हिल कर्करोगाने गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिल्या सिनेमाला पैसे उभे करणारे मुस्तफा अक्काद अम्मानच्या हॉटेलांवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात गेले, त्यांच्या मुलीसह. अलेप्पोत जन्मलेला हा माणूस, इस्लामच्या प्रारंभकाळावर सिनेमा काढलेला, दिग्दर्शक म्हणून केवढी मोठी स्वप्नं असलेला. त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कधीतरी लिहीन. दुसऱ्या वर्षी, 2006 मध्ये, अमेरिकेने ‘हॅलोवीन’ आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जपून ठेवायला घेतला. ते बघायला दोघंही नव्हते.

गेल्या रविवारी आईला घेऊन बसले. तिला भयपट अजिबात चालत नाहीत, म्हणून म्हटलं फक्त पहिली पाच मिनिटं बघ. ड्रॉवर उघडला, बाही पुढे आली, मी पॉज केलं. “ही बघ, ही डेब्रा.” आईने चष्मा लावला, टीव्हीच्या जवळ गेली आणि मनगट नीट न्याहाळलं.

“बांगडी काढून ठेवली असेल गं आधी,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटलं, “आणि घड्याळ.”