तपकिरी दिसलं की लिहायला बसा

तोंडाच्या कॅन्सरवर प्रबंध घेतलात, छान केलंत. नागपुरात चौकाचौकात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटला जातो, तेव्हा पॅराफिन ब्लॉकला, म्हणजे मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यांना, तोटा नाही. तुकड्यातलं प्रोटीन शोधणारी एक अँटीबॉडी तेवढी आणायची; ती जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटवायचा.

प्रोटीन निवडताना पी५३ घेऊ नका. ते पेशीच्या केंद्रकात दिसायला हवं, हे परीक्षकालाही ठाऊक असतं, मग पंचाईत होते. ज्याचं नावही सरांना एका दमात घेता येत नाही असं घ्या. कुठेही रंग आला तरी 'नवीन निरीक्षण' म्हणता येतं. आणि अँटीबॉडी निवडा फोटो पाहून, जसं स्थळ निवडतात.

मागवायची मे महिन्यात. पेटी शुक्रवारी संध्याकाळी येईल, वॉचमन सही करून घेईल. आमच्याकडे अशीच आली होती. सोमवारी थर्मोकोल उघडलं तेव्हा बर्फाच्या पिशव्या पाण्याच्या पाऊचसारख्या लिबलिबीत आणि वॉचमनभाऊ शांत: "सावलीतच ठेवला होता न मॅडम, उनात नाही ठेवला." बाहेर ४५ अंश. आत १०० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, तेही झाकणाला चिकटलेले. एवढ्यासाठी विभागाची तीस-चाळीस हजारांची मंजुरी चार टेबलं फिरून आलेली. पत्रकात लिहिलं होतं की छोटे छोटे वाटे करून उणे २० ला ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. पत्रक कोण वाचतं? आम्ही नळी फ्रीजच्या दारात ठेवली, संत्रा बर्फीच्या डब्याशेजारी. तुम्हीही तिथेच ठेवा, हाताशी राहते.

आता उकळणं. तुकडा टिकवायला वापरलेलं फॉर्मलिन प्रोटीनना एकमेकांत अशा गाठी मारून ठेवतं की अँटीबॉडीला तिची जागाच सापडत नाही. त्या सुटाव्यात म्हणून स्लाइड पीएच ६ च्या सायट्रेट बफरमध्ये तापवतात. १९९१ साली ही युक्ती मायक्रोवेव्हवर निघाली, आपण ती कुकरवर आणली. वेळ मोजायला टायमर कशाला? तुरीच्या डाळीच्या हिशोबाने शिट्ट्या घ्या. ४ मायक्रॉनचा सेक्शन, म्हणजे तुकड्याचा पातळ काप, अर्धा काचेवरून सुटून गेला तर उरलेला अर्धा वाचा.

हायड्रोजन पेरॉक्साइडची पायरी गाळा. रक्तातल्या पेशींचं स्वतःचं पेरॉक्सिडेज (रंग उमटवणारं एन्झाइम) मग आपोआप तपकिरी होतं, अँटीबॉडीचीही गरज उरत नाही! डॅब, म्हणजे तपकिरी रंग देणारं रसायन, घातल्यावर मायक्रोस्कोपखाली बघत बसून योग्य क्षणी पाण्यात बुडवायचं असतं म्हणे. तुम्ही तर्री पोहे खाऊन या. परत याल तेव्हा केंद्रक, सायटोप्लाझम, मधली जागा, सगळ्यावर सावजीचा रस्सा सांडल्यासारखा रंग चढलेला असेल. त्याला 'तीव्र अभिव्यक्ती' म्हणायचं.

कुणी कंट्रोल, म्हणजे रंग खरा की खोटा ते पडताळणारी स्लाइड, विचारेल. पहिल्या अँटीबॉडीशिवायची एक स्लाइड दाखवून तोंड बंद करा. तिच्यावरून फक्त दुसरी अँटीबॉडी (पहिलीला पकडून रंग आणणारी) शहाणी आहे एवढंच कळतं, पहिली नेमकी कशाला चिकटली ते नाही. त्यासाठी ज्यांच्यात ते जनुकच बंद केलंय अशा पेशी लागतात, आणि त्या मागवायच्या तर पुन्हा चार टेबलं. एवढी खोदखोद कुणी केलीच तर काय होतं, ते स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं. ईस्ट्रोजन रिसेप्टर बीटा नावाच्या प्रोटीनच्या १३ अँटीबॉडी तपासल्या तर विश्वासाची एकच निघाली, तीही फारशी कुणी न वापरणारी. तिने बघितलं तर स्तनाच्या निरोगी किंवा कॅन्सरच्या तुकड्यात ते प्रोटीन सापडेना. त्याआधी वीस वर्षं लोक स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यावर पेपर लिहीत होते. बघा, तपासणीने किती जणांचं नुकसान होतं.

शेवटची गोष्ट, पॉलिक्लोनलच, म्हणजे अनेक अँटीबॉडींची सरमिसळच घ्या. ती सशाच्या रक्तातून येते आणि ससा काही अमर नसतो. आमच्या ६० केसपैकी ३० झाल्या आणि नळी संपली. तोच कॅटलॉग नंबर पुन्हा मागवला, आला दुसऱ्या सशाचा लॉट. पहिल्या ३० स्लाइड काळपट, पुढच्या ३० फिक्या. मी रडवेली झाले होते. मग लक्षात आलं, पहिले ३० खर्रा खाणारे होते आणि नंतरचे न खाणारे, कारण आम्ही यादी त्याच क्रमाने लावली होती. पी व्हॅल्यू ०.००१ च्या खाली, म्हणजे आकडेशास्त्राच्या लेखी फरक पक्का!

सरांनी त्याच दिवशी किलोभर संत्रा बर्फी मागवली. उरलेली फ्रीजच्या दारात आहे, नळीच्या शेजारी. घ्या एक.