पैसे देऊन गवत

आमच्या आज्ज्याची उभी हयात वडगावच्या शिवारात हरळी उपटण्यात गेली, आणि मी, त्याचा सख्खा नातू, बेळगावच्या अनगोळात घर बांधल्यावर पुढच्या २० बाय १५ च्या जागेत पैसे मोजून गवत घेऊन आलो. तेही चौरस फुटावर!

काका बघायला आले. गेटातच थांबले.

"काय गा, हे काय आणलास?"

"लॉन हो काका. मेक्सिकन."

"म्हस खातीय काय?"

"म्हशीसाठी नाही, दिसायला."

काका काही बोलले नाहीत, पण त्या न बोलण्यात आज्जाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

माळीमामा कन्नड. त्यांनी जमीन सपाट केली, लाल माती, वाळू, शेणखत मिसळलं, आणि भिंतीच्या विटा जशा सांधा चुकवून लावतात तसे गवताचे तुकडे एकमेकाला खेटून बसवले. वरून बडवले. जाताना एकच मंत्र दिला, "नीर हाकरी." पाणी घाला. आणि दोन-तीन आठवडे कुणी पाय ठेवायचा नाही. एप्रिल महिना, वर ऊन, तिकडं राकसकोप धरणाची पातळी उतरत चाललेली, इकडं नळाला पाणी आलं की गल्लीत बोंब होते अशी परिस्थिती, आणि मी हिशोब केला तर ३०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सातशे लिटर! आमची टाकी हजाराची. बायको म्हणाली, "गवताची आंघोळ झाली असंल तर आता माणसांची करूया काय?"

मुळं धरली का बघायला कोपरा हळूच ओढायचा, उचलून आला नाही की धरली, असं मामांनी सांगितलं होतं. मी रोज सकाळी चहाआधी सगळे कोपरे ओढून बघत होतो. पंधरा दिवस झाले तरी धरेनात. मामांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, रोज उपटल्यावर कशी धरतील साहेब?

पुढं धरली एकदाची. मग मला खताची हुक्की आली. उसाला टाकतात तसा मूठभरून युरिया फेकला, तोही भर उन्हात, पाणी न देता. चार दिवसांत पिवळे गोल उमटले. शेजारच्या कुत्र्याने केलेले गोल आधीच दोन होते, मधी जळकं आणि कडेला गर्द हिरवं कडं, कारण त्याच्याही मुतात नत्रच असतं, मधी जास्त झालं की जाळतं आणि कडेला थोडं पोचलं की तेच खत होतं. बायकोने दोन्ही गोल शेजारी शेजारी बघितले आणि म्हणाली, "त्या मुक्या जनावराला कळत नव्हतं हो."

मग दुरुस्ती. आधी चार दिवस नुसतं पाणी सोडून युरिया धुतला. मेलेलं खरवडून काढलं, चार बोटं माती सैल केली, काकांच्या शेतातलं शेणखत घातलं, आणि चांगल्या गवताचे गड्डे काढून तिथं दाबले. गड्डे कुठनं काढायचे? चांगल्या जागेतनं. म्हणजे एक भोक बुजवायला दुसरं भोक, आणि ते बुजवायला तिसरं. आंब्याखालचा पट्टा तर मी सोडूनच दिला, सावलीत हे मेक्सिकन रुसून बसतं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि चमत्कार झाला, सगळे पॅच भरले! मी फोटो काढून स्टेटसला टाकला. काका छत्री घेऊन आले, चष्मा पुसून वाकले, एक काडी ओढली आणि जे हसायला लागले ते थांबेनात.

"ही हरळी हाय गा!"

त्यांच्याच शेणखतातनं आली होती. तीन पिढ्यांचा वैरी शेवटी पत्ता काढत अनगोळपर्यंत आलाच. मी पण म्हटलं राहूदे, हिरवं ते हिरवं. वरनं एकतृतीयांश कापत गेलो की लांबून फरक कळत नाही.

चतुर्थीच्या सकाळी गेटाची कडी वाजली. शेजारच्या काकू, मागं त्यांच्या दोन नाती, हातात ताटली. "दुर्वा बाजारात लय महाग झाल्यात हो, तुमच्याकडं तीन पानी मस्त दिसली." दुर्वा म्हणजे हरळीच की, नाही कसं म्हणणार? मग समोरच्या वहिनी आल्या. मग गल्लीतल्या मंडळाची पोरं पिशवी घेऊन, त्यांचा गणपती मोठा. नऊ वाजेपर्यंत झाडून सगळे पॅच परत जसेच्या तसे उघडे. बाजूच्या मेक्सिकन गवताला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

आरती झाल्यावर मामांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मागं कुठंतरी ढोल वाजत होता.

"नीर हाकरी," म्हणाले.