मोटर फिरते, आपण गरगरतो

पॅनोरमासाठी, म्हणजे चहूबाजूंचे फोटो जोडून एकच लांबरुंद फोटो करण्यासाठी, ट्रायपॉडवर कॅमेरा आपोआप फिरवणारं मोटरचं हेड घेतलं की बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं, असं जाहिरातीत दाखवतात. बाजूला होता येतं, हे खरं आहे. बटणापर्यंत पोहोचायचं कसं, ते तेवढं जाहिरातीत नसतं.

आधी ट्रायपॉड लेव्हलमध्ये आणायचा. बुडबुडा मध्यावर यावा म्हणून एक पाय लांबवला, की तो पलीकडे पळतो. दुसरा आखडला, की अर्ध्या वाटेवर रुसून बसतो. तो नाही आला तर क्षितिजाला लाटा येतात.

मग नोडल पॉइंट. कॅमेरा लेन्सच्या पोटातल्या एका ठरावीक बिंदूभोवतीच फिरायला हवा. नाहीतर जवळच्या वस्तू लांबच्यांच्या तुलनेत सरकतात आणि फोटो जोडताना धडधाकट खांब मधोमध मोडतो. त्यासाठी एक काठी जवळ, एक दूर, दोन्ही एका रेषेत रोवायच्या. कॅमेरा फिरवताना मागची काठी पुढचीच्या आडून डोकावली, की पट्टीवर कॅमेरा जरासा सरकवायचा. मागे घ्यावा तर ती या बाजूने डोकावते, पुढे घ्यावा तर त्या बाजूने. निर्जीव काठीत इतका खवचटपणा येतो कुठून? शिवाय झूम कमीजास्त केला, म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ बदलली, की पुन्हा काठ्यांच्या सेवेला हजर.

नंतर हिशेब. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 मिमीची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला, तर आडवा कोन जेमतेम 27 अंश. शेजारशेजारच्या फोटोंचा 30 टक्के भाग एकमेकांवर यायला हवा, तो ओव्हरलॅप धरून एका फेरीला 20 फोटो, आणि जमिनीपासून आकाशापर्यंत सगळं हवं असेल तर कॅमेरा वर-खाली कलवत सहा-सात फेऱ्या. प्रत्येक फोटोआधी थरथर थांबेपर्यंत थांबायचं, ते वेगळंच. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) सगळं मॅन्युअलवर, नाहीतर आकाशाची गोधडी होते. ढगांना मॅन्युअलवर टाकायची सोय मात्र अजून निघालेली नाही.

मंगळावरून स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या रोव्हरनी, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या यानांनी, असेच तुकड्यातुकड्यांचे पॅनोरमा पाठवले. कौतुक आहेच. पण त्यांच्या मागे येऊन कोणी "मोजणी चाललीय का?" असं विचारत नव्हतं.

मला विचारलं. तीन पायांवर काही फिरताना दिसलं, की लोकांना मोजणीच आठवते.

"नाही हो काका, फोटो काढतोय."

"काढा, काढा. रस्त्यात आमचं घर जात नाही ना, तेवढं सांगा."

माझ्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला नसावा. लेन्स वळेल तिकडे तेही हात मागे बांधून वळत राहिले, फेरीमागून फेरी.

सॉफ्टवेअरने फोटो जोडले, तर चारही दिशांना काका. एवढे काका जुळवता जुळवता नेमका एक जोड त्यांच्या घरावरून गेला. आता त्यांनी फोटो मागितलाय, आणि त्यात त्यांचं निम्मं घर रस्त्यात गेलंय.